मंदाआत्याची खुन्नस

आमच्या क्लासला नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, "काकू, सेमिनारला काय काय असतं हो?" जिऊ-जित्सूच्या त्या क्लासमध्ये आता वयाने मीच मोठी, पंचवटीत माझं ब्यूटी पार्लर, तोंड दिवसभर चालू, त्यामुळे चौकशीची खिडकी म्हणजे मीच. मी सांगते. बाहेरून कुणीतरी नावाजलेला माणूस येतो. त्याला सर म्हणायचं नाही, प्रोफेसर म्हणायचं. गी, म्हणजे आपला तो जाड कापडाचा झगा, धुवून आणायचा, मागच्या वेळेसारखा वास नको. तो दोन-तीन डाव दाखवतो, आपण जोड्या लावून ते घोटायचे. मग तो एकेकाजवळ येतो, स्वतःचा गळा नाहीतर हात पुढे करतो आणि म्हणतो, लाव माझ्यावर, बघू नीट बसतोय का. शेवटी फोटो. डाव चालू असताना मोबाइल काढायचा नाही, ते त्याला खपत नाही.

एवढं सांगून मी गप्प बसते. पुढचं सांगायचं तर मंदाआत्याचं सांगावं लागतं आणि ते कुणाल सरांना आवडत नाही. क्लास त्यांचा आहे ना. पण इथे मी लिहितेय, इथे त्यांचं काय चालतंय!

मंदाआत्या मूळची कळवणकडची. दिली म्हसरूळला, फुलशेती असलेल्या घरात. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडणी, मग फुलबाजार, मग घरचं. अंगाने बुटकी आणि रुंद, वर्षानुवर्षं क्रेट उचलून एका अंगाला किंचित झुकलेली. कपाळावर ही एवढी टिकली. गी घातला तरी ती काढायची नाही. त्यामुळे तिच्याशी जोडी लागलेल्या पोराच्या झग्याला हटकून छातीपाशी टिकली चिकटलेली सापडायची. एकाचं नवीन लग्न झालेलं होतं, त्याच्या घरी त्यावरून दोन दिवस चूल पेटली नाही म्हणतात. मंदाआत्या स्वतः जाऊन त्या बायकोला समजावून आली आणि येताना तिला टिकल्यांचं पाकीटच देऊन आली.

ती क्लासला आली ती अशूमुळे. अशू, म्हणजे अश्विनी, तिच्या भावाची मुलगी. पोलीस भरतीची तयारी करायला कळवणहून आत्याकडे राहायला आलेली. शांत पोर, विचारल्याशिवाय बोलायची नाही. आमचा क्लास मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. खाली वऱ्हाड, वर आम्ही गळे धरून लोळतोय. "पोरगी एकटी कशी धाडू?" म्हणून आत्या रोज सोबत यायची आणि खुर्ची टाकून बसायची. महिनाभर बसली आणि एक दिवस म्हणाली, "बसून बसून कंबर धरली माझी, मला पण उतरवा." उतरली ती उतरलीच.

तिचा बाप पैलवान होता. नांगरलेल्या रानात पोरांना कुस्ती शिकवायचा. "त्याने पोरगा-पोरगी नाय बघितलं," ती सांगायची, "दोघांना सारखंच आपटलं." कुस्तीत पाठ टेकली की संपलं. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे समोरच्याला असह्य झालं की तो हाताने थापटतो, तुमच्या अंगावर नाहीतर जमिनीवर. त्याला टॅप म्हणतात. टॅप झालं की त्या क्षणी सोडायचं. या खेळात एवढा एकच धर्म आहे, बाकी सगळं चालतं.

पहिल्या दिवशी मंदाआत्याला हे कुणी सांगितलंच नाही, महिनाभर बघितलंय म्हणजे माहीत असेल असं सगळ्यांनी धरलं. कुणाल सरांनी एका आयटीवाल्या पोराबरोबर तिची जोडी लावली आणि कॉलर धरून गळा कसा आवळायचा ते दाखवलं. आत्याने आवळला. पोराने तिच्या पाठीवर थापटलं. आत्याने आणखी आवळला. त्याने जोरात थापटलं. आत्या खूश, दात काढून आणखी आवळते! पोरगं वांग्यासारखं जांभळं व्हायला लागलं तसे सर धावले, "अहो आत्या, सोडा! टॅप करतोय तो!"

"अगं बाई! मला वाटलं शाबास म्हणतोय. आमचा बाप अशीच थाप मारायचा पाठीवर."

सगळा क्लास हसून लोळला. तेव्हापासून आमच्यात टॅप केलं की हळूच "शाबास आत्या" म्हणायची पद्धतच पडली. दुसऱ्या दिवशी तिने त्या पोराला डबाभर शेंगदाण्याचे लाडू आणून दिले आणि समोर बसून खायला लावले. म्हणजे बाई दुष्ट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे तुम्हाला वाटेल की होती.

ती खुनशी होती. दुष्ट वेगळं, खुनशी वेगळं. दुष्ट माणूस कुणाच्याही वाट्याला जातो. मंदाआत्या कुणाच्या वाट्याला जायची नाही, पण तिच्या वाट्याला कुणी गेलं तर ते ती मनात लोणच्यासारखं मुरत ठेवायची. तिच्या सासरच्या कुठल्याशा लग्नात तिच्या बापाला फेटा बांधला नव्हता. राहिलं असेल गडबडीत. ज्या माणसाकडे फेट्यांचं काम होतं तो हिचा चुलतदीर. ती तेव्हा चकार शब्द बोलली नाही. पुढे कित्येक वर्षांनी तिच्या मुलाचं लग्न निघालं. स्वतः उभी राहून तिने सगळ्यांना फेटे बांधायला लावले. पाहुणे, बँडवाले, आचारी, जनरेटरवाला, सगळे. चुलतदीर पहिल्या रांगेत टोपी काढून तयार. शेवटचा फेटा उरला. आत्या तो घेऊन दिरासमोर गेली, गोड हसली, आणि वळून घोड्याला बांधला. घोड्याला! घोडेवाल्याला आधीच मिळाला होता.

"दीर काय म्हणाले मग?" मी विचारलं.

"काय म्हणतो? जेवला आणि गेला. पंगतीत आग्रह मीच केला ना, दोन जिलब्या जास्त वाढल्या."

आणि फुलबाजारातला तो व्यापारी. त्याने एकदा चारचौघांत तिच्या झेंडूला शिळा म्हटलं. तेव्हापासून दर दसऱ्याला ती आपला सगळ्यांत टपोरा माल घेऊन बरोबर त्याच्या गाळ्यासमोर टेम्पो लावते आणि शेजारच्याला विकते. शेजारचा भाव पाडून मागतो, तरी त्यालाच. "घाटा होतो की गं," मी म्हटलं, तर म्हणाली, "होऊ दे. त्याचं तोंड बघायला मिळतं, ते फुकट मिळंल का?"

तर अशा बाईच्या डोळ्यांसमोर त्या माणसाने अशूचा हात मोडला.

त्याचं नाव मी घेणार नाही. घेतलं की मला चूळ भरावीशी वाटते. परदेशातला, मोठा नावाजलेला, ब्लॅक बेल्ट, मोबाइलवर लाखो लोक त्याला बघतात. कुणाल सरांनी कुठून कुठून वशिले लावून त्याला नाशिकला आणलं होतं. प्रोफेसर येणार, प्रोफेसर येणार, म्हणून क्लासला रंग काढला. मंदाआत्याने विचारलं, "कुठल्या कॉलेजात हे हो परफेसर?" तेव्हापासून तो आमच्या दोघींत परफेसरच.

दिसायला देखणा, मेला. हसतमुख. सगळ्यांना हात जोडून नमस्ते, बायकांना दोनदा. हाताचा लॉक दाखवायला त्याने अशूला पुढे बोलावलं. आडवं पाडलं, तिचा उजवा हात दोन्ही पायांत धरला आणि कोपर उलट्या बाजूला ताणायला लागला. अशूने टॅप केलं. हा आमच्याकडे बघून बोलतोय. अंगठा कुठे हवा, गुडघे कसे जुळवायचे. अशूने पुन्हा टॅप केलं, जोरात. तेव्हा तो हसून इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि कुणाल सरांनी आम्हाला मराठीत सांगितलं, "प्रोफेसर म्हणतात, मुलींना नेहमीच घाई असते." पोरं हसली. आणि त्या हसण्यात तो आवाज आला. हिरवी काडी मोडल्यासारखा, फार मोठा नाही.

तो म्हणाला, बर्फ आणा. मग म्हणाला, टॅप लवकर करायचं असतं, हा आजचा धडा. धडा! मी तिथे उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. मंदाआत्या पुढे धावली तर कुणाल सर मध्ये आले, "आत्या, तुम्ही बाजूला व्हा, आम्ही बघतो." ती एरवी आमच्याशी आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायची. त्या दिवशी तिच्या तोंडून माहेरची अहिराणी आली. "मनी पोर शे ती!" माझी पोर आहे ती, एवढंच ओरडली आणि सरांना एका हाताने बाजूला केलं.

अशूचं कोपर जुळलं, पण सरळ होत नाही. थोडंसंच वाकडं राहतं, बघणाऱ्याला कळतही नाही. पण भरतीला गोळाफेक असते. धावण्यात ती पहिल्यांत आली आणि गोळा तिच्या पायांजवळ पडला. आता ती एका मेडिकलच्या दुकानात काउंटरला आहे. आत्या काही बोलायला लागली की म्हणायची, "जाऊ दे ना आत्या. झालं ते झालं." मला तिचा राग यायचा. जाऊ दे काय? कुठे जाऊ दे?

मंदाआत्याने काही जाऊ दिलं नाही. तिने एकच डाव धरला, तोच पहिल्या दिवशीचा कॉलरचा. समोरासमोर गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही हात कैचीसारखे घालून त्याच्या कॉलरच्या दोन बाजू धरायच्या, कपाळ त्याच्या छातीला टेकवायचं आणि कोपरं मागे ओढायची. बस. सर म्हणायचे, आत्या, बाकीचे पण शिका की. ती म्हणायची, "मला म्हातारीला एक आलं तरी लय." पट्टा बदलायची वेळ आली तर नको म्हणाली, शिकाऊचा पांढराच बरा. शेतात खांबाला गोणपाट गुंडाळून ओढायची. घरी नवरा टीव्ही बघत बसला की मागून नाही, पुढून येऊन त्याची बंडी धरायची. नामदेवराव बिचारे मान तिरकी करून बातम्या बघायचे आणि म्हणायचे, "मंदे, हळू, कालची मान अजून दुखतेय."

"तो परत नाही आला तर?" मी एकदा विचारलं.

"येतो गं. ज्याला हार घालून घ्यायची सवय लागते ना, तो परत येतो. मी हार विकते, मला माहीत हे."

आला. दोन वर्षांनी, ऐन एप्रिलात. खाली लग्न, वर पंखे गरम हवा फिरवताहेत. अशूला आत्याने येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी ती दुकानातून तशीच आली आणि भिंतीला टेकून बसली. परफेसरने तिच्याकडे बघितलं, हात जोडले, नमस्ते म्हणाला आणि पुढे गेला. ओळखलं नाही हो! ज्या हाताचं वाटोळं केलं तो हात समोर आहे, आणि ओळखलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आत्या मात्र थंड. कॉलर ताठ करून पांढऱ्या पट्ट्यात पोराबाळांच्या मागे उभी.

त्याने त्या दिवशी दाखवायला काय निवडावं? कॉलर! मी आत्याकडे बघितलं, आत्याने माझ्याकडे बघितलंच नाही. मग तो एकेकाजवळ जायला लागला. माझ्यापाशी आला, मी आवळला, तो म्हणाला, गुड, गुड. मग आत्यापाशी. पांढरा पट्टा, जाडी बाई, मोठी टिकली बघून त्याला भारी गंमत वाटली. गुडघ्यांवर बसून मान पुढे केली आणि म्हणाला, "कम, आंटी! स्ट्राँग, स्ट्राँग!" आत्याने हात घातले. तो सगळ्यांकडे बघून हसला. आत्याने कपाळ टेकवलं आणि ओढलं.

हसू तिथल्या तिथे जिरलं त्याचं. त्याने तिच्या पाठीवर थापटलं. आत्या ओढतेय. परत थापटलं, मग दोन्ही हातांनी, पोळ्या लाटताना परातीवर पीठ झटकतात तसं. आत्या ओढतेय. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या पार्लरच्या उद्घाटनाला झाला नव्हता. मी मनात म्हणत होते, सोडू नको, मंदे, सोडू नको. मग त्याचे हात खाली पडले आणि तो तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला. गळा नीट आवळला की माणूस झोपतो, क्षणात.

"आत्या! टॅप केलं ना त्यांनी! आंधळ्या आहात का?" कुणाल सर किंचाळत आले.

आत्याने त्याला अलगद खाली निजवलं, पदर नव्हता तरी खांद्यावर सारखा केल्यासारखा हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बाई! मला वाटलं शाबास म्हणतायत."

इथपर्यंत सगळं मनासारखं झालं होतं. इथेच संपायला हवं होतं. पण दैवाला पाहवलं नाही.

पाय वर धरले, तोंडावर पाणी मारलं, तसे त्याने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. गोड हसला. आणि सरांना विचारलं, मी दुसरा प्रकार दाखवला का? त्याला काहीच आठवत नव्हतं! गळ्याने झोपलेल्या माणसाचं असंच होतं म्हणे, शेवटचं तेवढं पुसलं जातं. कुणाल सरांनी ती संधी अशी उचलली की विचारू नका. "हीट, प्रोफेसर, हीट! नाशिकचा उन्हाळा फार वाईट." पोरांना डोळ्यांनी दटावलं. मोबाइल कुणी काढलेलेच नव्हते, त्याचाच नियम. लिंबू सरबत आलं, परफेसर ते प्यायला.

मंदाआत्याचा चेहरा मी तेव्हा बघितला. भांड्यांना साबण लावून झाल्यावर नळाचं पाणी गेलं की होतो तसा नाही, त्याहून कितीतरी वाईट. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. शाबासकी-बिबासकी सगळं सोडून दिलं. अशूकडे बोट दाखवून म्हणाली, "ही पोर आठवते का? तू हिचा हात मोडलास. ती थापटत होती आणि तू हसत होतास. म्हणून मी आत्ता तुझा गळा धरला आणि मुद्दाम सोडला नाय. मुद्दाम! सांगा हो सर त्याला, एकेक शब्द सांगा."

कुणाल सरांनी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो ऐकता ऐकता विरघळला. छातीवर हात ठेवला, वाकला, आणि आत्याची पाठ थोपटली.

"काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

सर घाम पुसत होते. भिंतीजवळून अशू म्हणाली, "आत्या, सरांनी त्याला तुझं म्हणून भलतंच सांगितलं. तुम्ही फार छान शिकवता, माझी भाची पण तुमची चाहती आहे, असं."

अशूला इंग्रजी येतं. ती स्वतः त्याला सांगू शकली असती. ती उभी राहिली, दोन पावलं पुढे आली, तोंड उघडलं, आणि वळून जिना उतरून गेली. खाली अक्षता चालल्या होत्या, त्या गर्दीतून वाट काढत गेली. फोटोत त्याने आत्याला मध्ये घेतलं, स्वतःच्या शेजारी, खांद्यावर हात टाकून. तो फोटो त्याने त्याच्या पानावर टाकला. वर लिहिलं, नाशिकची माझी दणकट आंटी. लाखो लोकांनी बदाम दिले. फुलबाजारात लोक तिला म्हणायला लागले, "आत्या, गुरू फार मोठा केलात हो!" तो शिळा म्हणणारा व्यापारीसुद्धा म्हणाला.

क्लास तिने सोडला. सर म्हणाले, "आत्या, थोडे दिवस आराम करा." ती म्हणाली, "तुमच्या तोंडाकडे बघून आरामच वाटत नाय." पार्लरमध्ये येऊन बसायची, काही करून घ्यायची नाही, नुसती बसायची. एक दिवस म्हणाली, "चुकलं माझं, शोभा. गळा नको धरायला होता. गळ्याचं माणूस विसरतो. कोपराचं नाय विसरत. अशूला विचार, रोज केस विंचरताना आठवतं तिला."

मग परवा कळलं, त्याचा सेमिनार पुण्यात आहे.

आज सकाळी मी तिला सोडायला बसस्टँडवर गेले. नको म्हणायला गेले नव्हते, डबा द्यायला गेले होते. गी पिशवीत, पांढरा पट्टा वर दिसतोय. पुण्याची गाडी लागली होती. "बायकांना अर्धं तिकीट हे ना," ती म्हणाली, "बदला घ्यायला पण सरकार सवलत देतंय बघ." आम्ही हसतोय, तेवढ्यात समोरून अशू आली. दुकानाचा कोट नाही, पाठीला सॅक.

"तू कुठं चाललीस?" आत्याने विचारलं.

"पुण्याला."

"येडी का काय? तू घरी बस. मी हे ना. हाताचा लॉक शिकले मी, गोणपाटाला पाय लावून लावून."

"तू नको करूस," अशू म्हणाली. "तुझ्यावर तो परत हसेल. तो हात पुढे करून लाव म्हणाला की मी लावीन लॉक. आणि तो थापटायला लागला की त्याच्या भाषेत सांगेन, मी कोण ते. आधी सांगेन, मग सोडीन."

"अगं पण त्या हाताने जमंल का तुला?"

"आत्या, तो लॉक हाताने लागत नाही," अशू म्हणाली. "कंबरेने लागतो. कंबर माझी चांगली आहे."

मंदाआत्या तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या पाठीवरची सॅक काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि तिला पुढे घालून गाडीत चढली.